टॅग सीलला किती जड जातो, ते पाण्यात मोजा

प्राण्याच्या अंगावर टॅग, म्हणजे त्याच्या हालचाली नोंदवणारं यंत्र, बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास वजनाचा निघतो. शरीराच्या ३ ते ५ टक्क्यांच्या आत आहे ना? मग झालं! हा ठोकताळा मुळात उडणाऱ्या पक्ष्यांसाठीचा. पक्ष्याला अंगावरचा एकेक ग्रॅम हवेत तोलून धरावा लागतो. सीलचा आणि डॉल्फिनचा बराचसा भार पाणीच उचलतं, आणि त्याची किंमत पुढे सरकताना वसूल करतं. ८५ किलोच्या सीलवर ३७० ग्रॅमचा टॅग म्हणजे अर्धा टक्काही नाही. पण तो ठोकळ्यासारखा असेल आणि त्यावर अँटेना ताठ उभा असेल, तर सीलला पोहताना होणारा पाण्याचा रोध, म्हणजे ड्रॅग, ४० टक्क्यांहून जास्त वाढतो. तीच इलेक्ट्रॉनिक्स नीट कवचात घातली तर वाढ ६ टक्क्यांच्या आसपास येते. हा हिशेब मोजपट्टी, कॅलिपर आणि एक स्प्रेडशीट एवढ्यावर होतो, आणि टॅगची ऑर्डर देण्याआधीच करायचा असतो.

उदाहरणाला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा हार्बर सील घेऊ. तिथल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या सी मॅमल रिसर्च युनिटने सीलच्या डोक्यावर चिकटवायचे उपग्रह टॅग घडवले, आणि टॅगच्या कामात हा प्राणी वारंवार भेटतो.

मापं

लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, सरळ रेषेत. पाठीच्या गोलाईवरून पट्टी फिरवली की चार-सहा सेंटिमीटर फुकट वाढतात. घेर पुढच्या वल्ह्यांच्या (पोहायच्या पायांच्या) लगेच मागे, जिथे शरीर सगळ्यात जाड असतं तिथे. आपल्या सीलची लांबी १.५ मीटर, घेर १.१ मीटर. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास ०.३५ मीटर.

अंगाचं ओलं क्षेत्रफळ, म्हणजे पाण्याला लागणारी सगळी कातडी, काढायला लांबी गुणिले घेर गुणिले ०.७९ पुरे: १.५ × १.१ × ०.७९ = १.३ चौरस मीटर. दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या लंबगोलाचा हा गुणक आहे. वल्ही यात धरलेली नाहीत, पण पहिल्या हिशेबाला चालेल.

टॅगची मापं कॅटलॉगमधून घेऊ नका. कॅटलॉगमध्ये नुसत्या कवचाची मापं असतात. खालचा इपॉक्सी या गोंदाचा थर, त्यातली जाळी आणि अँटेनाचं बूड त्यात नसतं. टॅग जसा बसणार तसा एखाद्या गोल डब्यावर बसवा, समोरून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा आणि फोटोवरून समोरचं क्षेत्रफळ मोजा. आपला टॅग १० सेंटिमीटर लांब, ७ रुंद, ४ उंच. समोरून २८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००२८ चौरस मीटर. सीलचा समोरचा छेद ०.०९६ चौरस मीटर. प्रमाण ३ टक्के. इथेच थांबून ‘३ टक्केच तर आहे’ असं म्हणणारे पुष्कळ. वजनाच्या नियमाइतकाच हा आकडाही फसवा आहे, कारण सील सुरेख निमुळता असतो आणि टॅग नसतो.

वेग ठरवताना गफलत होते ती वेगळी. हिशेबात वेग पाण्याच्या तुलनेत घ्यायचा, जमिनीच्या नाही. जीपीएसच्या दोन बिंदूंतून निघतो तो जमिनीवरचा वेग. भरतीच्या जोरदार प्रवाहात एका जागी तग धरणारा सील नकाशावर स्थिर दिसतो, पण टॅगवर पाणी आदळतच असतं. नदीतल्या प्राण्याला हे आणखी लागू. डिसेंबर २०२४ मध्ये आसामात गंगेच्या डॉल्फिनवर पहिला उपग्रह टॅग बसवला गेला. तिथे नदीचा प्रवाह हिशेबात धरला नाही, तर ड्रॅगचे आकडे प्रवाहाविरुद्ध पोहताना कमी येतील आणि प्रवाहाबरोबर जाताना जास्त. हार्बर सीलसाठी प्रवासाचा वेग १.५ मीटर प्रतिसेकंद धरू.

सीलचा स्वतःचा रोध

सूत्र सगळीकडे एकच: रोध = ½ × पाण्याची घनता × वेग × वेग × क्षेत्रफळ × रोध-गुणांक. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५ किलो प्रतिघनमीटर. १.५ च्या वेगाला पहिला भाग, ½ × १०२५ × १.५ × १.५, येतो ११५३. हा आकडा एका खान्यात ठेवून द्या, पुढे सारखा लागेल.

आता गुणांक. आधी रेनॉल्ड्स अंक, म्हणजे पाणी शरीरावरून कसं वाहील ते सांगणारा आकडा: वेग गुणिले लांबी, भागिले पाण्याची गतिज श्यानता (चिकटपणा भागिले घनता). १० अंश सेल्सिअसच्या समुद्रात श्यानता सुमारे ०.०००००१३५ चौरस मीटर प्रतिसेकंद: शून्य मोजत बसण्यापेक्षा ‘१३५ भागिले दहा कोटी’ असं स्प्रेडशीटमध्ये लिहा, चूक होणार नाही. उत्तर येतं सुमारे १६ लाख ७० हजार. जहाजबांधणीत १९५७ पासून वापरात असलेलं घर्षणाचं सूत्र इथे चालतं: ०.०७५ भागिले (रेनॉल्ड्स अंकाचा दशमान लॉग वजा २) याचा वर्ग. लॉग ६.२२, वजा २ म्हणजे ४.२२, वर्ग १७.८, गुणांक ०.००४२.

हा झाला सपाट पत्र्याचा. शरीर फुगीर असतं म्हणून त्याला आकाराच्या गुणकाने वाढवायचं: १ + १.५ × (व्यास/लांबी) चा दीड घात + ७ × (व्यास/लांबी) चा घन. आपलं प्रमाण ०.२३३, गुणक १.२६. शेवटचा गुणांक ०.००५३. म्हणून रोध = ११५३ × १.३ × ०.००५३ = सुमारे ८ न्यूटन. पाऊण-एक किलोची पिशवी हाताला जितकी ओढते तितकाच. दीड मीटरचं जनावर एवढ्याशा जोरात सरकतं, आणि म्हणूनच त्यावर चिकटवलेली प्रत्येक वस्तू जाणवते.

हा आकडा हालचाल न करता घसरत जाणाऱ्या शरीराचा आहे. मागची वल्ही मारत पोहताना रोध जास्त असतो, त्यामुळे टॅगची टक्केवारी थोडी कमी भरेल. उलट, प्राणी पृष्ठभागालगत पोहत असेल तर लाटा उठवण्यातच बरीच ताकद जाते. शरीराच्या व्यासाच्या तिप्पट खोलीखाली ती भानगड संपते. आपला हिशेब त्या खालच्या पाण्याचा.

टॅगचा रोध

सूत्र तेच, क्षेत्रफळ टॅगचं समोरचं. ११५३ × ०.००२८ = ३.२३. याला गुणांकाने गुणायचं. धारदार कडांच्या ठोकळ्याला सुमारे ०.९, कडा गोल केलेल्या साबणाच्या वडीसारख्या आकाराला ०.४, आणि पुढून गोल, मागे लांब उतार असलेल्या थेंबाच्या आकाराला ०.१५ धरा. मग:

ठोकळा: २.९ न्यूटन, ३६ टक्के वाढ.
गोल कडा: १.३ न्यूटन, १६ टक्के.
थेंबाचा आकार: ०.४८ न्यूटन, ६ टक्के.

सूक्ष्मात जायचं तर आणखी दोन दुरुस्त्या आहेत. शरीराच्या जाड भागावरून जाताना पाणी किंचित वेग घेतं, त्यामुळे तिथे रोध १५ टक्क्यांपर्यंत वाढतो. त्याच वेळी कातडीलगतचा मंद पाण्याचा थर टॅगला थोडा आडोसा देतो. नाकापासून पाऊण मीटरवर हा थर साधारण १८ मिलिमीटर जाड असतो, डोक्यावर जेमतेम ५. चाळीस मिलिमीटर उंचीचा टॅग त्यातून वर डोकावतोच. पाठीवर दोन्ही दुरुस्त्या जवळपास एकमेकींना खाऊन टाकतात. डोक्यावर आडोसा जवळजवळ नसतोच.

मग अँटेना. इथे लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून आकडे पूर्ण मांडतो. अँटेना १७ सेंटिमीटर लांब, २.५ मिलिमीटर जाड, ताठ उभा. समोरचं क्षेत्रफळ ०.०००४२५ चौरस मीटर, गोल काडीचा गुणांक १. रोध ११५३ × ०.०००४२५ = ०.४९ न्यूटन. थेंबाच्या आकाराच्या अख्ख्या टॅगाइतका! कवच घडवण्यात तीन महिने घालवायचे आणि वर ही काडी उभी करायची, याला काही अर्थ नाही.

अँटेना छाटता येत नाही. टॅगचे संदेश झेलणाऱ्या आर्गोस उपग्रहांना टॅग ४०१.६५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. त्या लहरीची चतुर्थांश लांबी १८.७ सेंटिमीटर. फार तोकडा केला तर सिग्नल कमजोर होतो, मग तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आणि बॅटरी वाढवावी लागते, म्हणजे टॅग पुन्हा मोठा. म्हणून लांबी ठेवा, कोन बदला. प्रवाहाशी ४५ अंशांचा कोन केला तर रोध सायनच्या घनाने घटतो: ०.४९ चा ०.१७ न्यूटन. जाडी १.६ मिलिमीटर केली की ०.११. पातळ तार बुडाशी तुटते, म्हणून वाकून परत सरळ होणारी निटिनॉलची तार आणि बुडाशी रबराचा निमुळता कोन घ्या. डोक्यावरच्या टॅगमध्ये कोन ठरवताना सील पाण्यावर डोकं कसं धरतो तेही पाहावं लागतं. वर आल्यावर अँटेना पाण्याबाहेर उभा दिसला पाहिजे, पोहताना नव्हे.

उभ्या काडीची आणखी एक खोड. तिच्यामागे भोवरे आळीपाळीने सुटतात आणि ती गुणगुणते. वारंवारता ०.२ × वेग ÷ जाडी: ०.२ × १.५ ÷ ०.००२५ = १२० हर्ट्झ. ध्वनी नोंदवणाऱ्या टॅगच्या आलेखात याच वारंवारतेच्या पट्ट्यात एक रेघ उमटते, वेगाबरोबर वर-खाली सरकणारी. काही जण तिच्यावरून वेग काढतातही. पण ती दिसतेय म्हणजे अँटेना रोध देतोय हे नक्की.

तोच टॅग पिल्लावर

नुकतं दूध सुटलेलं पिल्लू घ्या: ०.९५ मीटर लांब, ०.७५ मीटर घेर, २५ किलो, वेग १.२. वरच्याच पायऱ्यांनी त्याचा स्वतःचा रोध २.६ न्यूटन येतो. गोल कडांचा तोच टॅग त्यात ०.८३ न्यूटनची भर घालतो: ३१ टक्के, अँटेना सोडून. वजन मात्र दीड टक्का, म्हणजे वजनाच्या नियमात पास. आपल्या मते पिल्लांसाठी वेगळा, लहान टॅग नसेल तर पिल्लं सोडून द्यावीत. मोठ्यांवर वापरून उरलेले टॅग पिल्लांना लावणं ही काटकसर महागात पडते. पहिल्याच हिवाळ्यात तगण्याची त्यांची धडपड चालू असते आणि आपण नेमकी तीच मोजायला निघालेलो असतो.

न्यूटनमधून माशात

जादा रोध गुणिले वेग म्हणजे जादा ताकद. त्याला पोहण्याच्या कार्यक्षमतेने (०.८) आणि स्नायूंच्या कार्यक्षमतेने (०.२५) भागा. ठोकळा आणि ताठ अँटेना मिळून ३.४ न्यूटन, × १.५ = ५.१ वॅट, ÷ ०.२ = २५ वॅट. दिवसाला १४ तास पोहणं धरलं तर सुमारे १.३ मेगाज्यूल. स्कॉटलंडचे सील सँडईल नावाचा वाळूत घुसणारा बोटभर मासा खातात. एका ग्रॅममागे अंगी लागणारी ऊर्जा ४ किलोज्यूल धरली, तर रोज ३२० ग्रॅम मासा जादा. सुधारलेल्या टॅगला हाच आकडा ४५ ग्रॅमच्या आत राहतो.

पण प्राणी ही किंमत माशातच चुकती करेल असं नाही. तो हळू पोहून मोकळा होतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार नर बॉटलनोज डॉल्फिनना ठरलेल्या मार्गावर टॅगसह आणि टॅगविना पोहायला लावलं आणि त्यांचा प्राणवायूचा वापर मोजला. वापरात फरक सापडला नाही. वेग मात्र ३.७३ वरून ३.३१ मीटर प्रतिसेकंदावर उतरला, म्हणजे ११ टक्क्यांनी. वेगाच्या घनाचा हिशेब करा: ०.८९ चा घन ०.७. टॅग नसता तर एवढ्या वेगउतारात ताकदीची गरज ३० टक्क्यांनी घटली असती. ती बचत टॅगने खाल्ली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ‘चयापचयावर परिणाम नाही’ हे वाक्य खरं असूनही टॅगचा परिणाम असू शकतो, आणि तो थेट तुमच्या आकडेवारीत बसलेला असतो: वेग कमी, फेरी लांब, बुडीत तळाशी मिळणारा वेळ कमी. तीच ताकद ठेवून वेग किती पडेल ते काढायला एकूण रोधाच्या प्रमाणाचं घनमूळ घ्या. ४२ टक्के वाढीला वेग ११ टक्क्यांनी पडतो, ६ टक्के वाढीला २ टक्क्यांनी. डॉल्फिनच्या प्रयोगातलाच ११ चा आकडा इथेही आला हा योगायोग आहे, त्याला पुरावा समजू नका.

५ ते ६ टक्के वाढीच्या आत राहा, हा आमचा ठोकताळा. काही तासांत सुटणाऱ्या सक्शन कपच्या (कातडीला ओढून धरणाऱ्या रबरी वाट्यांच्या) टॅगला थोडी ढील द्यायला हरकत नाही. वर्षभर चिकटून राहणाऱ्याला नाही.

कवच घडवताना

सगळ्यात आधी उंची कमी करा. ४० ची ३० मिलिमीटर केली की समोरचं क्षेत्रफळ पाव भागाने घटतं, आणि टॅग मंद थरात थोडा जास्त बुडतो. त्यासाठी बॅटऱ्या एकावर एक न रचता एकामागे एक ठेवाव्या लागतात. एए मापाचा सेल १४.५ मिलिमीटर जाड आणि ५०.५ लांब असतो. दोन सेल एका रांगेत ठेवले तर लांबी वाढते, पण पाण्याला लांबी फारशी खुपत नाही, रुंदी-उंची खुपते.

नाक सगळे गोल करतात. शेपूट विसरतात. पाणी पुढच्या गोलाईवरून चढतं, आणि मागे उतार एकदम संपला की सुटतं. मागे भोवऱ्यांचा खड्डा तयार होतो आणि तोच टॅगला मागे खेचतो. मागचा उतार १० ते १२ अंशांपेक्षा तीव्र नको. आता ४ सेंटिमीटर उंची १० अंशांनी शून्यावर आणायची तर नुसती शेपूट २३ सेंटिमीटर लागेल, हे कुणी करणार नाही. अर्धी उंची उतरल्यावर, म्हणजे ११ सेंटिमीटरवर, सरळ कापून टाका. कापलेली कड मात्र धारदार ठेवा. ती गोल केली तर पाणी कुठे सुटायचं ते ठरवू शकत नाही आणि टॅग थरथरतो. उंची ३० असेल तर हीच शेपूट ८.५ सेंटिमीटरची होते. उंची आधी कमी करा म्हटलं ते यासाठीही.

पाठीवर घुमटासारखा बसलेला टॅग वरच्या दिशेने उचलबळही तयार करतो. इपॉक्सीला ते सोसतं, सक्शन कपना नाही. सक्शन कपचे टॅग आधी जागेवरून सरकतात आणि मग सुटतात, त्याचं हे एक कारण. कपांमधली उघडी पोकळीही प्रवाह अडवते. तिच्यापुढे कातडीला हलके टेकणारी मऊ झालर लावा.

जागा

जागा बहुधा रोधावरून ठरत नाही, अँटेनावरून ठरते. सीलचं डोकं आधी पाण्याबाहेर येतं, म्हणून उपग्रह टॅग डोक्यावर किंवा मानेवर. नुसती नोंद ठेवणारा, नंतर परत मिळवायचा टॅग असेल तर तो खांद्यांच्या मागे, मध्यरेषेवर सरकवा: थर जाड, आणि डोक्याजवळ प्रवाह बिघडवून मागच्या सगळ्या अंगावर त्याचे परिणाम ओढवून घेणं टळतं. हार्बर सील मागचं अर्धं अंग डाव्या-उजव्या बाजूला फेकत पोहतो, म्हणून कमरेखाली नको. फर सील आणि सी लायन पुढच्या वल्ह्यांनी पोहतात. त्यांना खांदे मोकळे हवेत.

डॉल्फिनला पाठीचा पर मिळतो. परच्या एका बाजूला टॅग लावला की तो पर वाकवतो आणि प्राण्याला सतत सुकाणू धरल्यासारखं एका अंगाला सावरावं लागतं. म्हणून हल्ली परच्या मागच्या कडेला एकाच पिनेवर, झेंड्यासारखा मागे लहरणारा टॅग पसंत करतात. पिनेची चकती गंजणारी असते, म्हणजे काही महिन्यांनी टॅग आपोआप गळतो. आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हम्पबॅक डॉल्फिनला पर आहे, फिनलेस पॉरपॉईजला नावाप्रमाणेच नाही. गंगेच्या डॉल्फिनलाही बसकी कड तेवढी. तिथे पर-टॅगचा विचार सुरुवातीलाच संपतो. भारतात या प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कडक संरक्षण आहे, त्यामुळे परवानगीशिवाय हात लावता येत नाही. हिशेबाला मात्र परवानगी लागत नाही.

चिकटवताना बिघडतं ते

पशुवैद्याने सील शांत केल्यावर केस टॉवेलने कोरडे करा, अल्कोहोलने तेल काढा. इपॉक्सी थोडं थोडं कालवा. ते घट्ट होताना तापतं; जाड गोळा टाकला तर खालची कातडी भाजते. दोन-तीन मिलिमीटरचा थर, त्यात जाळी दाबून, वर टॅग. टॅगची मध्यरेषा सीलच्या मणक्याशी जुळवा, आणि जुळवताना मान सरळ आहे ना ते बघा. मान वळलेली असताना बरोबर दिसलेला टॅग पोहताना तिरका होतो. १५ अंशांचा तिरकेपणा डोळ्याला किरकोळ दिसतो, पण ७ सेंटिमीटर रुंद आणि १० लांब टॅगची समोरची रुंदी त्याने ९.३ होते. एक तृतीयांश वाढ, फुकटात.

शेवटी पुढची कड. टॅगपुढे इपॉक्सीची ४-५ मिलिमीटरची पायरी उरली, जाळीचं टोक उभं राहिलं, तर घडवलेलं नाक वाया. ओल्या हातमोज्याने इपॉक्सी पुढे ओढून केसांत विरघळल्यासारखं सपाट करा. जाळीचं सुटं टोक समुद्री शेवाळ पकडतं, आणि मग टॅग वेळेआधी निघतो.

टाकीत आणि संगणकावर

हिशेबाने निवडलेले दोन-तीन आकार तपासून पाहायचे तर पाण्याच्या टाकीत प्रतिकृती ओढा. अर्ध्या मापाची प्रतिकृती असेल तर रेनॉल्ड्स अंक जुळवायला वेग दुप्पट लागतो. पण २० अंशांच्या गोड्या पाण्याची श्यानता कमी असल्याने ३ ऐवजी २.२ मीटर प्रतिसेकंद पुरतो. प्रतिकृतीचा छेद टाकीच्या छेदाच्या ५ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर भिंती पाण्याला दाबून वेग वाढवतात. या मापाला शरीराचा रोध सुमारे ४.३ न्यूटन येतो, आणि ६ टक्के म्हणजे ०.२६ न्यूटन. लोड सेलची (ओढ मोजणाऱ्या संवेदकाची) चूक ०.०३ न्यूटनपेक्षा जास्त असेल तर तुम्ही टॅग मोजत नाही, लोड सेल मोजता. पाच वेग, प्रत्येकी तीन फेऱ्या, आणि टॅग काढून पुन्हा लावून निदान एकदा तरी सगळं परत.

संगणकावर ओपनफोमसारखी मोफत प्रणाली आणि खळबळत्या प्रवाहाचं के-ओमेगा एसएसटी हे प्रारूप चालतं. संगणक पाण्याचे छोटे कप्पे पाडून हिशेब करतो; कप्प्यांच्या या जाळीत कातडीलगतचा पहिला कप्पा ०.०२ मिलिमीटर जाडीचा घ्या; यापेक्षा जाड कप्पे भिंतीच्या सूत्रांवर भागतात, आणि टॅगमागे सुटलेल्या पाण्यात ती सूत्रं भरवशाची नसतात. नेहमीची चूक अशी: टॅग असलेल्या मॉडेलमध्ये जाळी बारीक, टॅग नसलेल्यात ढोबळ. मग फरक टॅगचा आला की जाळीचा, कळत नाही. दोन्हींत बारीक जाळीचा चौकोन त्याच जागी, तेवढाच ठेवा. ठोकळ्याच्या मागे भोवरे सुटत असल्याने उत्तर एका आकड्यावर ठरणार नाही. हेलकाव्यांची सरासरी घ्या.

समुद्रातून परत आल्यावर

प्रवेगमापी असलेल्या टॅगमध्ये सील मागची वल्ही न मारता घसरतो ते तुकडे वेगळे काढा. पहिल्या आठवड्यातले आणि शेवटच्या आठवड्यातले, सारख्याच कोनातले आणि सारख्याच खोलीतले. शेवटच्या तुकड्यांत वेग जास्त पटकन पडत असेल तर रोध वाढला आहे. अर्थात सील लठ्ठ झाला की तरंगण्याचा जोरही बदलतो, म्हणून खाली जाताना आणि वर येतानाचे तुकडे दोन्ही घ्या. चरबीचा परिणाम दोन्हींत उलट दिशेला जातो, रोधाचा एकाच दिशेला.

केस गळण्याच्या हंगामात टॅग निघून हाती आला तर तो लगेच धुवू नका. आधी समोरून फोटो, शेजारी पट्टी. दोन्ही बाजूंना आणि वरती ५ मिलिमीटर कालवं-शेवाळ चढलेलं असेल तर २८ चौरस सेंटिमीटरचे ३६ झाले, आणि गुळगुळीत थेंबाचा ०.१५ गुणांकही आता धरता येणार नाही. पुढच्या खेपेला कवचाला शेवाळरोधक रंग द्या, पण खाऱ्या पाण्याच्या स्विचचे दोन बिंदू, दाबमापीचं भोक आणि अँटेनाचं बूड झाकून. स्विचवर रंग गेला की टॅगला तो पाण्याखाली आहे की वर तेच समजत नाही, आणि भर समुद्रात खोलवर तो उपग्रहाला हाका मारत बॅटरी संपवतो.